पानझडीचं रान आणि आपले चित्रकार

खानदेशातल्या बहुतेक गावांत एक चित्र हमखास भेटतं. फोटो स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर, सलूनमध्ये आरशाच्या वर, दवाखान्यात बाकासमोरच्या भिंतीवर, नाहीतर लग्नात आहेर म्हणून आलेल्या काचेच्या फ्रेममध्ये. लाल, पिवळ्या, नारिंगी पानांचं दाट रान, मधून गेलेली पायवाट, बाजूला एखादं तळं आणि वाटेवर पानांचा सडा. आपल्याकडे याला सरळ ‘शिनरी’ म्हणतात. आमच्या वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे देशभरातली माणसं राहायला आली. वसाहतीतल्या घरांतल्या भाषा वेगळ्या, जेवणं वेगळी, देव्हारे वेगळे. पण ही शिनरी मात्र अनेक घरांत सारखीच.

हे रान आपलं नाही, हे कुणालाही बघताक्षणी कळतं. तरीही ते आपल्या भिंतींवर इतकी वर्षं टिकून आहे. ते मुळात कुठून आलं, आणि आपल्या उत्तरेला डोळ्यांसमोर उभा असलेला सातपुडा त्या जागी का आला नाही, याचा थोडा शोध आज घेऊ.

आधी एक शब्दाचा घोटाळा निस्तरायला हवा. शाळेत आपण पाठ केलं की ‘ऑटम’ म्हणजे शरद ऋतू. महिन्यांच्या हिशेबात ते चुकीचं नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि युरोपातला ऑटमही तेव्हाचाच. पण आपला शरद म्हणजे निवळलेलं पाणी, धुतलेलं आभाळ, कोजागिरीचं चांदणं आणि अजून हिरवंगार असलेलं रान. संस्कृत कवींचा शरद पाहा, त्यात कमळं आहेत, हंस आहेत, पांढरा काश फुललेला आहे. गळणारं पान तिथं शोधून सापडणार नाही. आपल्याकडे पानं झडतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तेव्हा ‘ऑटम’चं भाषांतर महिन्यावरून करायचं की झाडावरून, हा खरा प्रश्न आहे. कोशकारांनी महिना धरला, आणि झाड सुटलं.

आता त्या शिनरीचं मूळ. तिचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आहे. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, नादार नावाच्या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसेक चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर एक प्रदर्शन भरवलं. सरकारी प्रदर्शनात त्यांची चित्रं वारंवार नाकारली जात. क्लोद मोने या चित्रकाराच्या एका चित्राचं नाव होतं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. एका टीकाकाराने त्याच शब्दाची टर उडवत या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं, आणि टिंगलीचं ते नाव कायमचं चिकटलं. मराठीत आपण त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणतो. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. वस्तू कशी ‘आहे’ हे न रंगवता, त्या घटकेच्या उजेडात ती कशी ‘दिसते’ ते रंगवायचं. झाड हिरवं असतं हे आपल्याला माहीत आहे म्हणून हिरवा रंग उचलायचा नाही. संध्याकाळी ते जांभळं दिसत असेल तर जांभळा उचलायचा. रंग पॅलेटवर घोटून एकजीव करायचे नाहीत, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतात.

पानझडीचं रान या पद्धतीला अगदी मानवलं. एकेक सुटं पान म्हणजे एकेक फटकारा. मोनेचंच १८७३ सालचं एक चित्र आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे, आर्जांतई गावाजवळच्या नदीकाठच्या ऑटमचं. दोन्ही बाजूंना नारिंगी-सोनेरी झाडांच्या भिंती, मधे निळं पाणी, लांबवर गावाची घरं. नारिंगी आणि निळा शेजारी आले की दोघंही जास्त पेटतात. शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा नियम १८३९ सालीच पुस्तकात मांडला होता. मोनेने एका झाडाचा ओला रंग ब्रशच्या दांडीने खरवडला, म्हणजे पानांतून हवा खेळती वाटावी. रशियातल्या लेविटानचं १८९५ सालचं ‘सोनेरी शरद’ही याच कुळाशी नातं सांगणारं. तो पक्का दृक्प्रत्ययवादी नव्हे, पण बर्च झाडांची ती पिवळी राई आणि तो निळा ओढा बघितला की आपल्या शिनरीचे आजोबा लगेच ओळखू येतात. या चित्रांच्या नकला, नकलांच्या नकला, मग कॅलेंडरं, मग छापील वॉलपेपर, असा प्रवास करत ते रान भुसावळच्या बाजारात पोचलं.

या चित्रकारांच्या आधीची एक पिढी पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात काम करत होती. बार्बिझाँ हे तिथलं छोटं गाव. त्यांना दोन गोष्टींनी हात दिला. १८४१ मध्ये एका अमेरिकी चित्रकाराने रंगाची पत्र्याची नळी शोधून काढली, त्यामुळे तेलरंग खिशात घालून रानात नेता येऊ लागले. आणि १८४९ मध्ये पॅरिसहून फाँतेनब्लोला रेल्वे आली. सकाळी निघालं की दुपारी झाडाखाली. पुढे मोने, रन्वार, सिस्ली हेही तरुणपणी याच जंगलात बसून रंगवायला शिकले.

त्या जंगलात तेव्हा जुने ओक तोडून लवकर वाढणारे पाइन लावण्याचा सरकारी कार्यक्रम चालू होता. चित्रकार चिडले. थिओडोर रूसो हा त्यांच्यातला म्होरक्या. झाडं पाडण्याच्या एका चित्राला त्याने नाव दिलं होतं, ‘निष्पापांची कत्तल’. १८५२ साली त्याने चित्रकारांच्या वतीने सरकारकडे दाद मागितली. शेवटी १३ ऑगस्ट १८६१ च्या हुकुमाने त्या जंगलाचा १,०९७ हेक्टरांचा भाग कुऱ्हाडीपासून वाचवण्यात आला, आणि कारण काय नोंदवलं, तर कला. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७२ मध्ये झालं. एखादं रान केवळ बघण्यासारखं आहे म्हणून कायद्याने राखायचं, ही कल्पना चित्रकारांच्या हट्टातून आली.

आता त्याच वर्षांत खानदेशात काय चाललं होतं ते पाहू.

रेल्वे इथंही आली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून १८६० च्या दशकात खानदेशात शिरली, भुसावळला तिचे दोन फाटे झाले. एक आमच्या वरणगावावरून बोदवड, मलकापूर करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला; दुसरा तापी ओलांडून बऱ्हाणपूर, खांडव्याकडे, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता सलग झाली. फ्रान्समध्ये रेल्वेने चित्रकाराला रानात नेलं. इथं रेल्वेने रानाला रुळाखाली घेतलं. स्लीपरना लाकूड लागे, पुलांना लागे, सुरुवातीच्या इंजिनांना जाळायलाही लागे. १८६४ मध्ये वनखातं स्थापन झालं, १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. राखीव जंगलं झाली. ती राखायची होती ती मुख्यतः लाकडासाठी. सातपुड्यातल्या भिल्ल, तडवी, पावरा लोकांना त्यांच्याच रानात जायला परवानगी लागू लागली. चित्रासाठी एखादं झाड राखावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि ते येण्यासारखी परिस्थितीही नव्हती.

तेव्हा या बाजूला चित्रकार नव्हतेच, असं मात्र नाही. गंमत इथंच आहे. मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भिंतीचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि पुढची पस्तीस वर्षं तो याच मुलखाचा झाला. त्याची आणि पारोची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्यामुळे आणि २०१२ च्या चित्रपटामुळे ती नव्या पिढीलाही पोचली. गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. १८७९ मध्ये तो वारला, आणि त्याची कबर भुसावळात आहे. वरणगावपासून पाऊण तासाच्या आत सायकलने जाता येईल इतकी जवळ.

त्याच्या मागोमाग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला आले. १८७२ ते १८८५ या काळात मधली काही वर्षं सोडून हे काम चाललं. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यात होते. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. दुर्दैवाला पुनरुक्तीचा कंटाळा नसतो असं दिसतं.

तारखा जुळवून पाहा. मोने आर्जांतईचं नारिंगी रान रंगवत होता १८७३ मध्ये. त्याच सुमाराला वाघूर नदीच्या काठी, मराठी मुलखातले पहिले शिकलेले चित्रकार लेण्यांच्या अंधारात बसून दीड हजार वर्षांपूर्वीच्या पद्मपाणीची नक्कल करत होते. लेण्याच्या तोंडाशी आलं की समोर वाघूरच्या घळीतलं कोरडं रान. पण ते रंगवणं हे त्यांचं काम नव्हतं. सरकारला प्राचीन भारत हवा होता, समोरचा नको होता. यात त्या चित्रकारांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांनी केलेल्या नकलांचं मोल मोठंच आहे. पण आपल्या निसर्गचित्राची एक सुरुवात तिथं होऊ शकली असती आणि ती झाली नाही, एवढं खरं.

रान बारकाईने पाहिलं ते दुसऱ्याच कुणीतरी. डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतीतज्ज्ञ वनखात्याचा पहिला प्रमुख. वायव्य आणि मध्य हिंदुस्थानातल्या जंगली झाडांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं १८७४ साली, म्हणजे पॅरिसच्या त्या प्रदर्शनाच्याच वर्षी. झाडाचं पान कधी गळतं, नवं कधी येतं, फूल कधी, असा हिशेब ठेवण्याची शिस्त या वनाधिकाऱ्यांनी लावली. लाकूड केव्हा तोडायचं हे ठरवायला तो उपयोगी होता. ज्या नजरेने चित्रकाराने बघायचं, त्या नजरेने इथं रेंजर बघत होता.

आणि बघण्यासारखं तर भरपूर आहे. फाल्गुनात सातपुडा कसा दिसतो? वरणगावातून हवा स्वच्छ असली तर तापीपलीकडे उत्तरेला रांग दिसते. आधी रावेर-यावलच्या केळीचा गर्द हिरवा पट्टा, आणि त्यामागे राखेच्या रंगाचे डोंगर. लांबून ते उजाड वाटतात. जवळ गेलं की राखेत किती रंग आहेत ते कळतं. सालईची साल कागदासारखी सुटून आलेली, खाली हिरवट झाक. कांडोळाचं खोड इतकं पांढरं की चांदण्या रात्री माणूस दचकावा. सागाची ताटाएवढी पानं खाली पडून वाळलेली. त्यांवरून सरडा गेला तरी कुणी मोठं जनावर आलं असं वाटतं. धावड्याची पानं गळण्याआधी तांबूस होतात. आणि मधेच पळस. एक पान अंगावर नाही आणि सगळं झाड पेटलेलं. सावर, पांगारा हे त्याचे सोबती.

आता एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. युरोपातलं पान थंडीमुळे आणि लहान होत गेलेल्या दिवसामुळे गळतं. गळण्याआधी त्यातलं हरितद्रव्य मोडतं, दडलेला पिवळा वर येतो, काही झाडांत नवा लाल तयार होतो. म्हणजे तिकडचा लाल रंग हा जाणाऱ्या पानाचा रंग. आपलं रान पान टाकतं ते पाणी वाचवण्यासाठी, आणि बहुतेक पानं तपकिरी, करडी होऊन निमूट पडतात. आपल्या रानात लाल येतो तो त्यानंतर. कुसुंबाची नवी पालवी मार्चमध्ये अशी लालभडक येते की लांबून फुलंच वाटावीत. मोहाची कोवळी पानं तांबूस. पिंपळ तर गावात असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला. आणि खानदेशाचा खास अंजन, ज्याचं पान दोन पाकळ्यांच्या फुलपाखरासारखं, त्याची पालवी उन्हात धरली तर तांब्याच्या पत्र्यासारखी चमकते. रंग तेच, लाल, तांबडा, नारिंगी, सोनेरी. पण तिकडे ते झाडाच्या निरोपाचे आणि आपल्याकडे झाडाच्या बाळपणाचे. पॅरिसची पॅलेट जशीच्या तशी उचलून सातपुड्यात आणली तर रंग पुरे पडतील, अर्थ मात्र उलटा होईल.

मग ही पद्धत मराठी मुलखात आली तेव्हा आपल्या चित्रकारांनी काय रंगवलं? या प्रश्नापाशी पहिलं नाव येतं कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं. जे. जे. स्कूलमध्ये शिकून, मानाची पदकं मिळवून हा माणूस मुंबईत न रमता कोल्हापूरला परतला. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थाच्या काठी एकांतात राहून त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट पुन्हा पुन्हा रंगवला. आबालाल युरोपला कधी गेले नव्हते. तरी त्यांच्या निसर्गचित्रांत उजेड रंगाच्या ठिपक्यांनी, तुटक फटकाऱ्यांनी उभा राहतो. पाण्यावरचं धुकं, सकाळचा कोवळा पिवळा, झाडाच्या सावलीतला निळा. तेच तळं वेगळ्या वेळी वेगळं. मोनेने गवताच्या गंजी आणि रूआँचं चर्च वेगवेगळ्या प्रहरी रंगवले, तसंच हे. पुस्तकातल्या छापील चित्रांवरून त्यांनी काही उचललं असेल का, यावर जाणकार वाद घालतात. माझ्या मते तो वाद फारसा कामाचा नाही. रोज पहाटे एकाच पाण्याकाठी बसणारा माणूस उजेडाकडून जे शिकतो, ते शिकायला पॅरिसला जावंच लागतं असं नाही. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं तळ्यात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते स्वतः गेले. जी चित्रं उरली त्यांवर आपली या विषयाची सगळी भिस्त आहे.

आबालालांच्या चित्रांत पाणी आहे. पुढच्या मराठी निसर्गचित्रकारांतही बहुतेकांच्या चित्रांत पाणी आहे. सावळाराम हळदणकर, माधवराव परांडेकर, ल. ना. तासकर ही आपली थोर मंडळी. नद्या, घाट, देवळं, पावसाळी रस्ते, ओले बाजार. आपली निसर्गचित्रणाची मुख्य परंपरा जलरंगाची. ती इंग्रजांकडून आली आणि ओल्या कागदावर ओला रंग सोडण्यात तिची खुमारी. धुकं, ढग, चिखल यांना ती फार शोभते. कोरडं, खरखरीत, टोकेरी रान तिला जड जातं. शिवाय चित्र विकत घेणारा गिऱ्हाईक कोण? मुंबईचा शेठ, संस्थानिक, इंग्रज अधिकारी. त्याला नाशिकचा घाट हवा असे. मार्चमधली उघडी टेकडी दिवाणखान्यात कोण लावणार? ‘भकास’ हाच तिच्यासाठी आपला शब्द. आणि जंगल म्हटलं की हिवताप, वनखात्याची परवानगी, मुक्कामाची पंचाईत. आपल्या चाळीसगावच्या कलामहर्षी केकी मूस यांनी तर घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांतून छायाचित्रात आख्खं जग उभं केलं. तेही थोर काम आहे, पण रानाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सातपुड्याच्या पलीकडे मात्र थोडं वेगळं घडलं. इंदूरच्या होळकर संस्थानात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा काढली. या मराठी मास्तरांचे विद्यार्थी बघा: ना. श्री. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर, आणि मकबूल फिदा हुसेनही. तिथल्या मुलांना बाहेर उन्हात बसून भरभर, जाड रंगात, सुट्या फटकाऱ्यांनी रंगवायची सवय लागली. माळव्याचं ऊन त्यांच्या चित्रांत खरोखर तापतं. बेंद्रे १९३० च्या दशकात काश्मीरला गेले आणि तिथल्या पर्यटन खात्यासाठी काही वर्षं चित्रकार म्हणून काम केलं. हिंदुस्थानात युरोपसारखी पानझड कुठं असेल तर ती तिथं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चिनार लाल होतो, त्या शिनरीत असतो तसाच. मराठी घरातल्या चित्रकाराला लाल रान सापडलं, पण त्यासाठी त्याला हिमालयाच्या कुशीत जावं लागलं. मधला सातपुडा रात्रीच्या गाडीतच मागे पडला.

मुंबईत १९३० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नाहून वॉल्टर लँगहॅमर आले, टाइम्स ऑफ इंडियाचे कला-संचालक म्हणून. त्यांच्या रविवारच्या बैठकांतून तरुणांना युरोपातल्या रंगाची ओळख झाली. त्या तरुणांत एक होते सय्यद हैदर रझा, आणि आपल्या या कथेत त्यांचं स्थान वेगळं आहे.

रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात रेंजर. बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या सागवानी रानात गेलं, सातपुड्याच्याच पूर्वेकडच्या टोकाला. मग नागपूरची कलाशाळा, मग जे. जे., आणि १९५० मध्ये पॅरिस. मुंबईत असताना त्यांनी रस्ते, पाऊस, उतरत्या छपरांची घरं अशी दृक्प्रत्ययवादी वळणाची भरभर जलरंगचित्रं केली. त्यात रान नाही. रान आलं ते फार उशिरा, पॅरिसमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर. १९६० च्या अखेरीपासून त्यांच्या कॅनव्हासवर एकही झाड ओळखू येत नाही, पण काळ्यातून उसळणारा लाल, नारिंगी, पिवळा येतो, वणव्यासारखा, पळसासारखा. १९७२ चं ‘तपोवन’ त्यांतलं. लहानपणी रात्रीच्या जंगलाची वाटणारी भीती आणि सकाळी उजेड आल्यावर मिळणारा दिलासा यांबद्दल ते स्वतः पुष्कळदा बोललेले आहेत. म्हणजे आपल्या जातीचं रान ज्याने रंगवलं, तो कुणी तिथं मुद्दाम इझल घेऊन गेलेला पाहुणा नव्हता, रेंजरचा मुलगा होता. ब्रँडिसच्या खात्यातल्या नोकराचा मुलगा. १८७४ पासून वेगळ्या चाललेल्या दोन वाटा अशा एका घरात आल्या. २०१६ मध्ये दिल्लीत रझा वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आलं.

पण रझांचं रान स्मरणातलं. समोर बसून, घड्याळ्याच्या काट्याबरोबर बदलणारा उजेड टिपत केलेलं अंजनाच्या पालवीचं चित्र, आबालालांनी कोटितीर्थाचं केलं तसं, ते अजून व्हायचं आहे असं मला वाटतं. आणि हे केवळ कलेचं दुखणं नाही. जे बघायची सवय नसते ते गेलेलंही लवकर कळत नाही. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झालं. तरी सागचोरी, अतिक्रमण, वणवे यांच्या बातम्या आपण गेली अनेक वर्षं वाचतो आहोत, आणि पान उलटतो आहोत. डोंगर उघडा पडला तर लोक म्हणतात, उन्हाळा आहे, उघडाच असतो. पानं गळलेलं रान आणि तोडलेलं रान यांतला फरक लांबून कळत नाही, आणि जवळ कुणी जात नाही.

ज्यांना हा फरक कळतो ते लोक डोंगरातच राहतात. त्यांच्यासाठी हा ऋतू भकास नाहीच, कामाचा आहे. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. मोहाची फुलं पहाटे टपटप पडतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी झाडून ठेवतात, काही ठिकाणी जाळतात, आणि वणव्याचं एक कारण तेही. चारोळी, डिंक, मग तेंदूपत्ता. एका झाडाचं पान कधी जातं आणि फूल कधी येतं याचा हिशेब तिथल्या बाईला ब्रँडिसइतकाच पक्का माहीत असतो, फक्त तिचं पुस्तक निघालेलं नाही.

आमच्या भागातल्या चित्रकला शिक्षकांना, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना एक सुचवावंसं वाटतं. निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड काढण्याआधी एकदा पालच्या रस्त्याला जाऊन यावं. होळीनंतरचे तीन-चार आठवडे चांगले. सावद्याच्या पुढे केळीच्या बागा संपतात आणि चढ लागतो. आधी पळस दिसेल, मग वरच्या अंगाला कुसुंब, आणि मुरमाड उतारावर अंजन. तेलरंगाची पेटी नसली तर पेस्टल खडू चालतील. त्यांचे फटकारे सुटेच पडतात. मात्र निघायचं ते अंधारात. साडेसात-आठपर्यंत पालवीमागून ऊन येतं तोवर तांब्याचा रंग असतो. दहा वाजले की ऊन डोक्यावर येतं आणि सगळा डोंगर पुन्हा राखेच्या रंगाचा दिसू लागतो.